फ्रेड गायसबर्ग : भोंग्यापासून मायक्रोफोनपर्यंत

• जन्म १८७३, वॉशिंग्टन. तबकडीच्या ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर यांचे सहकारी. १८९८मध्ये लंडनला, ग्रामोफोन कंपनीत.

• दोन कामे, एक माणूस : ध्वनिमुद्रक आवाज तांत्रिकदृष्ट्या टिपतो. निर्माता कलाकार, रचना आणि पसंतीचा टेक (एकाच रचनेच्या अनेक मुद्रणांपैकी एक) ठरवतो. गायसबर्ग दोन्ही करत.

• मिलान, एप्रिल १९०२ : हॉटेलच्या खोलीत ऑपेरा-गायक एन्रिको कारुसोच्या १० आरिया (ऑपेरातील एकल गीते) मुद्रित. मानधन १०० पौंड. ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या तबकड्या.

• कोलकाता, नोव्हेंबर १९०२ : गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण. मायक्रोफोन नव्हताच. गायिका भोंग्यात तोंड घालून गाई, त्या कंपनांनी सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. वेळ जेमतेम तीन मिनिटे, त्यामुळे ख्याल-ठुमरीही तेवढ्यात बसवावी लागे. मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथे ओळख पटावी म्हणून गौहर जान शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारत. जुन्या तबकड्यांवर ते आजही ऐकू येते.

• १९२५ : विद्युत ध्वनिमुद्रण आले, भोंगा गेला.

• १९३२ : संगीतकार एल्गार यांच्या व्हायोलिन कंचेर्टोचे ध्वनिमुद्रण. वादक १६ वर्षांचा येहुदी मेन्युहिन, संचालन स्वतः एल्गार यांचे.

• १९३९मध्ये निवृत्ती, १९४२मध्ये आत्मचरित्र. निधन १९५१, लंडन.