नैसर्गिक वायूचे नळमार्ग, सातारा–सांगली परिसरातील
नैसर्गिक वायू बंदरापासून वा उत्पादनक्षेत्रापासून ग्राहकापर्यंत अखंड वाहून नेणारी, बहुतांशी जमिनीखाली पुरलेली पोलादी व प्लॅस्टिक नळांची व्यवस्था. दक्षिण महाराष्ट्रात ती अलीकडची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून कोल्हापूर जिल्ह्यातून बंगळूरूकडे जाणारा मुख्य नळमार्ग २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. सातारा व सांगली हे दोन जिल्हे मिळून शहरी वायुवितरणाचे एक क्षेत्र ठरविण्यात आले व २०१८ मध्ये त्याचे काम भारत पेट्रोलियम कॉर्पोरेशनकडे सोपविण्यात आले.

वायूचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवीत नेतात. मुख्य नळमार्गात तो ५० ते ९० बार, शहराच्या पोलादी नळांत ४९ बारपर्यंत, गल्लीबोळांतील पॉलिएथिलिनाच्या नळांत सु. ४ बार, तर घरातील शेगडीपाशी केवळ २१ मिलिबार असतो. दाबनियंत्रक जोडीने बसवितात. एक बिघडल्यास दुसरा काम करतो व दाब मर्यादेबाहेर जाताच झडप आपोआप मिटते. लांब नळात दाबून भरलेला वायू हाच एक साठा असतो. त्यामुळे सकाळी मागणी एकदम वाढली किंवा मागे काही तास पुरवठा खंडित झाला, तरी शेगड्या चालू राहतात.

पोलादी नळाचा मुख्य शत्रू गंज होय. या बाबतीत कृष्णाकाठची जमीन विशेष त्रासदायक आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते आणि या हालचालीत नळावरील पॉलिएथिलिनाचे आवरण ओढले जाते. वाळवा, मिरज या तालुक्यांत अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनींतून विद्युत् प्रवाह सहज वाहतो व आवरणाला जेथे ओरखडा असेल तेथे गंज वेगाने वाढतो. म्हणून नळाला बाहेरून सौम्य एकदिश प्रवाह देऊन त्यास ऋणाग्र बनवितात. तांबे–मोरचूद संदर्भ अग्राच्या तुलनेत नळाचे वर्चस् उणे ०·८५ व्होल्ट वा त्याहून अधिक ऋण राखले, म्हणजे पोलाद सामान्यतः सुरक्षित राहते. हे वर्चस् मार्गावरील खांबांपाशी ठराविक काळाने मोजतात. कोयनेहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या वीजतारांना नळ दूरवर समांतर गेल्यास त्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तो पुरलेल्या जस्ताच्या पट्ट्यांवाटे जमिनीत उतरवितात.

नळ आतूनही गंजतो. २७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम या गावी वायुनळ फुटून आग लागली व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोरड्या वायूसाठी असलेल्या नळातून पाण्याचा अंश असलेला वायू वाहिल्याने तो झिजला होता. वायू कोरडा ठेवणे आणि नळातून ‘पिग’ नावाचे साधन वायूच्याच दाबाने पुढे ढकलून आतला भाग साफ करणे हे म्हणूनच नेमाचे काम आहे. चुंबकीय उपकरणे बसविलेला पिग भिंतीची झीज नोंदवितो आणि नळ न खणता दोष कोठे आहे ते कळते.

याखेरीज मोठा धोका इतरांच्या खोदकामाचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे येथील जमिनीखाली पाण्याच्या नळांचेही जाळे आहे. त्यात नवे नळ, केबल व विंधनविहिरी यांची भर पडत असते. खोदाईयंत्राच्या दात्याने पडलेला लहानसा ओरखडाही वर्षांनंतर भेग बनू शकतो. शेतातून जाणाऱ्या मुख्य नळमार्गांसाठी १९६२ च्या कायद्यान्वये जमीन शेतकऱ्याचीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता, विहीर खणता वा झाड लावता येत नाही आणि भरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मिळते. आटपाडी वा जत भागात विहीर न खणण्याची ही अट किती जड आहे, हे त्या अवर्षणप्रवण मुलखाला ठाऊक असणाऱ्यास सांगावे लागत नाही. नळाची जाडी भोवतीच्या वस्तीप्रमाणे ठरते. उसाच्या फडातून टाकलेल्या नळाशेजारी पुढे वसाहत उभी राहिली, तर दाब कमी करावा लागतो किंवा जाड नळ घालावा लागतो.

नदीपात्रात आणखी एक अडचण असते. वायूने भरलेला मोठा नळ पाण्यात तरंगू पाहतो. म्हणून त्यावर काँक्रीटचे वेष्टन देतात किंवा तळाच्या बरेच खालून आडवे वेधन करून तो ओढून घेतात. २००५ व २०१९ सारख्या महापुरांत कृष्णेचे काठ खचतात, तेव्हा पूर ओसरल्यावर नळावरील मातीचा थर पुन्हा तपासावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे पाटण तालुक्याचा परिसर भूकंपप्रवण म्हणून सर्वांस परिचित आहे. चांगला सांधलेला पोलादी नळ नुसते हादरे बहुधा सोसतो. घाटात दरड सरकली तर मात्र तो तुटू शकतो.

नैसर्गिक वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून शहराच्या प्रवेशस्थानी त्यात मरकॅप्टनासारखे उग्र गंधद्रव्य मिसळतात. हवेत वायूचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो, सु. एक टक्का असतानाच वास यावा, इतके गंधद्रव्य घालतात. सिलिंडरचा वायू जमिनीलगत साचतो, तर हा हवेहून हलका असल्याने वर जातो व छतापाशी गोळा होतो. म्हणून वास येताच विजेचे बटण न दाबता, वरची तावदाने व दारे उघडून मुख्य झडप बंद करतात आणि घराबाहेर गेल्यावरच कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवितात.