हौसेची करवत, नाकातला भुसा

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. डोळे लाल, नाक चोंदलेले आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ. "डॉक्टर, खाण्यातून काही झालं असेल का?" असा त्यांचा प्रश्न. चौकशी केली तेव्हा कळले, की वादळात त्यांच्या परसातला साग पडला होता. वखारीत नेण्याऐवजी गुरुजींनी परवानगी काढून पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आणली आणि आठ दिवस खपून घरीच फळ्या काढल्या. "फळ्या सुरेख निघाल्या हो!" ते कौतुकाने म्हणाले. आजाराचे मूळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच सापडले. ते म्हणजे सागाचा बारीक भुसा.

पूर्वी खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून दोन माणसे करवत ओढत. एक वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. आता यंत्रे आली. अमेरिकेत तर स्वतःच्या झाडाच्या फळ्या स्वतः काढणे हा मोठा छंद झाला आहे. तेथील इंडियाना राज्यात १९८२ मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीने गाडीमागे जोडून नेता येणारी आरागिरणी लोकप्रिय केली. तीत ओंडका जागेवरच राहतो आणि पट्ट्याची करवत त्यावरून सरकत जाते. आपल्याकडेही शेती अवजारांच्या दुकानांत साखळी करवती सहज मिळू लागल्या आहेत. हौस चांगलीच आहे. शरीराला श्रम होतात, लाकूड वाया जात नाही. मात्र यंत्राबरोबर त्याचे धोकेही घरी येतात.

भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

जमिनीवर पडणारा जाड भुसा फारसा त्रास देत नाही. हवेत तरंगणारी बारीक धूळ नाकात आणि फुप्फुसात जाते. ओले लाकूड कापताना ती कमी उडते. वाळलेल्या फळीला यंत्राने पॉलिशपेपर मारताना ती सर्वांत जास्त असते. साग आणि शिसव यांच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगावर उडाला तर फोडच येतात. काहींना शिंका, खोकला आणि पुढे दमाही लागतो. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की छाती भरते, असे होत असेल तर दम्याची शंका घ्यावी.

याहून गंभीर गोष्ट १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये लक्षात आली. हाय विकम हे खुर्च्या आणि फर्निचर बनवणारे गाव. तेथील सुतारांमध्ये नाकाच्या आतल्या भागाचा एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा फार जास्त आढळला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. आठ दिवस करवत चालवणाऱ्या गुरुजींनी यामुळे घाबरून जाऊ नये. हा आजार वर्षानुवर्षे धुळीत काम केल्यावर आणि तोही क्वचित होतो. मात्र जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाची एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल किंवा तीतून वारंवार रक्त येत असेल, तर सर्दी समजून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

कान आणि बोटे

साखळी करवतीचा आवाज साधारण १०० ते ११० डेसिबल असतो. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे! या आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती औषधाने परत येत नाही. यंत्राच्या थरथरीने हाताच्या रक्तवाहिन्यांना इजा होते. मग थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच दगडखाणीतल्या कामगारांत हा विकार नोंदवला होता.

काळजी कशी घ्याल?

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला एन-९५ मास्क येथे कामाचा आहे. रुमालाने फक्त जाड भुसा अडतो. धूळ निघून जावी म्हणून गूळ खाणारे पुष्कळ आहेत. गूळ जरूर खावा, पण तो पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे किंवा कानावर झाकणे, पायात बूट हवेत. उपरणे, ओढणी, सैल बाह्या नकोत. ओंडक्याला दोन्ही बाजूंनी पाचर लावावी. जुन्या झाडात खिळे असतात, ते आधी शोधावेत. साखळी करवतीचे टोक लाकडाला टेकले की ती उसळून अंगावर येते, हे विसरू नये. झाडताना पाणी शिंपडावे.

एवढे करूनही बोट तुटलेच, तर जखमेवर हळद किंवा कॉफी दाबू नये. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फाला तो भाग थेट लावू नये. १०८ क्रमांकाला फोन करून, शक्यतो सहा तासांच्या आत, मोठे रुग्णालय गाठावे.

गुरुजींचे पुरळ दहा दिवसांत गेले. तपासणीला येताना त्यांनी आपला मदतनीस सोबत आणला होता. पंचवीस वर्षे आरागिरणीत काम केलेला माणूस. त्याचे नाव मला तीनदा मोठ्याने विचारावे लागले. गुरुजींची हौस आठ दिवसांची होती, त्याचे पोट त्या आवाजावर आणि धुळीवर चालत आले आहे. जाताना गुरुजी म्हणाले, "मास्क आणि कानाचे बोळे दोन माणसांचे लिहून द्या." वाचकहो, आपल्या दारात सुतार किंवा करवतवाला कामाला येईल, तेव्हा आपणही दोघांचेच आणावे.