क्षयाच्या वाट्याला कमी पैसा का?

पं. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे. त्यांना क्षय झाला होता आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल असा सल्ला मिळाला होता. गाणे बंद होते. पुढे १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध त्यांना मिळाले आणि १९५३ पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झाले ते मात्र कायमचेच. हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातील दुसरी गोष्ट सांगायची आहे. हे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडले होते. ते एका नामवंत गायकापर्यंत यायला नऊ वर्षे लागली, तर धार जिल्ह्यातील एखाद्या फळियापर्यंत पोहोचायला किती लागली असतील, याचा विचार पालकांनी करावा.

आज औषधे आहेत, तरी २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसे क्षयाने दगावली. त्याच वर्षी एड्समुळे सुमारे सहा लाख तीस हजार आणि मलेरियामुळे सुमारे सहा लाख मृत्यू झाले. म्हणजे क्षयाचे बळी या दोहोंच्या बेरजेइतके. क्षयाचे जगातील चारांपैकी एक रुग्ण भारतात आहेत. आता पैशाकडे पाहू. या तीन रोगांसाठी २००२ साली ग्लोबल फंड नावाचा आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला. त्याच्या वाटपात बरीच वर्षे साधारण निम्मा पैसा एड्सला, ३२ टक्के मलेरियाला आणि १८ टक्के क्षयाला, असा हिशेब होता. २०२३ पासूनच्या वाटपात क्षयाचा वाटा थोडा वाढविण्यात आला. शिवाय अमेरिकेने २००३ साली एकट्या एड्ससाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. क्षयासाठी एवढी मोठी घोषणा कोणी केली नाही.

एड्सला जास्त मिळाले म्हणून आम्ही तक्रार करीत नाही. ते पैसे मिळाले कसे, हे मात्र शिकण्यासारखे आहे. तो रोग श्रीमंत देशांतील तरुणांनाही झाला. ते रुग्ण गप्प बसले नाहीत, रस्त्यावर उतरले, सरकारांना आणि औषध कंपन्यांना जाब विचारू लागले. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक पडत असताना २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने डॉक्टरांच्या एका सेवाभावी संस्थेला तीच औषधे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. मग उपचार परवडत नाहीत ही सबब उरली नाही आणि तिजोऱ्या उघडल्या. (आपल्या देशातील कारखान्याने हे केले, याचा अभिमान वाटावा.)

क्षय श्रीमंत देशांतून बराचसा गेला आणि त्याबरोबर तिकडची काळजीही गेली. बी.सी.जी. लस १९२१ सालची आहे, आजही तीच वापरात आहे आणि मोठ्या माणसांना तिचा फारसा उपयोग होत नाही. २०२३ साली क्षयाशी लढायला जगात ५.७ अब्ज डॉलर उपलब्ध झाले, तर वर्षाला २२ अब्जांचे उद्दिष्ट ठरलेले आहे. जो पैसा आहे त्यातील बराचसा रोगी देशांच्या स्वतःच्या खिशातला आहे. एका परीने ते बरेच म्हणायचे, कारण २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी आटोपती घेतली तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या देशांचे हाल झाले.

पैसा कमी असण्याचे एक कारण आपल्या घरातही आहे. क्षयाचा रोगी बोलत नाही. मुलाच्या रजेच्या अर्जात पालक 'जुना खोकला' लिहितात, मुलीचे लग्न अडेल म्हणून नावच काढत नाहीत. जे रुग्ण दिसतच नाहीत त्यांच्यासाठी मागणार कोण? आणि उशीर झाला की एकाचा रोग घरातील इतरांना लागतो, ते वेगळेच.

तेव्हा पालकांना स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करवावी. ती मोफत आहे. साध्या क्षयाचा सुमारे सहा महिन्यांचा औषधोपचारही मोफत असतो आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा १००० रुपये जमा होतात. रजेच्या अर्जात खरे कारण लिहिल्याने कोणाचेही नाव शाळेतून कमी होणार नाही.

विश्वस्त मंडळींसाठी एक सूचना. २०२२ पासून चालू असलेल्या निक्षय मित्र योजनेत कोणतीही संस्था काही क्षयरुग्णांच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकते. स्नेहसंमेलनाच्या खर्चातून दोन-चार रुग्णांचे सहा महिन्यांचे डाळ, तेल, शेंगदाणे सहज निघतील. हा विषय पुढील सभेत ठेवावा अशी आमची विनंती आहे.