वर्तमानपत्राचा धनी कोण?

सरकारने वर्तमानपत्राचे तोंड बांधले म्हणजे ते लोकांस दिसते. पण वर्तमानपत्राने आपले तोंड आपणच मिटून घेतले, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहिल्या प्रकारास मुस्कटदाबी हे नाव आहे आणि तिच्याविरुद्ध ओरड करणारेही पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रकारास नाव नाही, म्हणून त्याविषयी ओरडही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या वाचकांपुढे, विशेषतः खामगाव, मलकापूर व चिखली येथील व्यापारी मंडळींपुढे, आज आम्ही हा दुसरा प्रकार मांडणार आहो. कारण त्याचे मूळ जितके कचेरीत आहे तितकेच पेढीवर आहे, आणि थोडेसे आमच्या स्वतःच्या छापखान्यातही आहे.

उघड मुस्कटदाबीचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या सरकारने केवळ देशी भाषांतील पत्रांपुरता कायदा केला. तो १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत रद्द झाला. १९०८ साली लोकमान्य टिळकांस ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, व त्याच साली ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांसही तुरुंगात जावे लागले. स्वराज्य आल्यावरही १९७५ च्या जून महिन्यात आणीबाणी पुकारली गेली, आणि मजकूर छापण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यास दाखविण्याची पाळी संपादकांवर आली. परंतु ह्या सर्व प्रसंगी एक गोष्ट बरी होती : कात्री कोणाच्या हाती आहे हे लोकांस दिसत होते. आणीबाणीत काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा ती कोरी जागाच वाचकांशी बोलली.

तथापि १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने एक निराळीच युक्ती काढली होती. छापखान्याकडून रोख जामीन मागावयाचा आणि मजकूर न आवडल्यास तो जप्त करावयाचा. संपादकाच्या बेडीपेक्षा छापखान्याच्या तिजोरीवर घाव घालणे सोपे, हे राज्यकर्त्यांस तेव्हा उमगले. व उमगलेली गोष्ट राज्यकर्ते सहसा विसरत नाहीत.

स्वराज्यातील सरकारनेही हाच तिजोरीचा मार्ग धरला. मात्र सद्हेतूने धरला असे सांगितले. १९५६ साली वर्तमानपत्रांची किंमत व पृष्ठे यांविषयी कायदा झाला आणि १९६० साली त्याखाली हुकूम निघाला की, अमुक किमतीस अमुकच पाने द्यावीत. मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात भरपूर पाने देऊन लहान पत्रांस बुडवू नये, हा त्यातील युक्तिवाद होता. पुण्यात डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ साली काढलेला ‘सकाळ’ त्या वेळी रोजच्या अंकास सात नवे पैसे घेऊन आठवड्यास ३४ पाने देत असे. हुकुमाप्रमाणे त्या किमतीत त्यास २४ च पाने देता आली असती. म्हणजे मजकूर तरी कापा, नाहीतर किंमत वाढवून वाचक तरी गमवा. ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २५ सप्टेंबर १९६१ रोजी लागलेला निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर हे आमच्या वऱ्हाडचेच; १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे रावबहादूर मुधोळकर यांचे ते चिरंजीव. पाने किती व वाचक किती हा निव्वळ व्यापाराचा प्रश्न नसून मतप्रसाराच्या हक्काचेच ते अंग आहे, सबब व्यापारनियमनाच्या नावाखाली त्यावर बंधन घालता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने तो कायदा व हुकूम रद्द केले.

ह्या निकालाचे मर्म खामगावच्या बाजारास कोणी शिकविण्याची गरज नाही. १८७० साली जलंबहून खामगावास रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. तेथे गिऱ्हाइके अनेक होती म्हणून भावही होता. पुढे १९७२ पासून महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याच्या काट्यापासून शेतकऱ्यास सोडवावे हा तिचा हेतू होता, आणि तो हेतू अगदीच निराधार होता असे व्यापाऱ्यांनीही छातीस हात लावून म्हणू नये. पण सुमारे तीस वर्षे गिऱ्हाईक एकच राहिले. चुकाऱ्यासाठी ताटकळावे लागले, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्रीबेरात्री सीमेपलीकडे जाऊ लागला. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात माल कोणाचाही असो, भाव गिऱ्हाइकाचाच असतो.

जे कापसाचे तेच बातमीचे. आज तालुक्याच्या गावी निघणारे पत्र वर्गणीवर चालते अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. ते चालते निविदांच्या व नोटिसांच्या जाहिरातींवर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या अभिनंदनांवर आणि दिवाळीतील दुकानदारांच्या चौकटींवर. ज्याच्या हाती ससा तो पारधी! अशा पत्रास कोणी हुकूम पाठवावा लागत नाही; बिल थकविले म्हणजे पुरे. आम्ही ह्यास अपवाद आहो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एका उन्हाळ्यात टँकरच्या खेपा कागदावर किती व गावात किती, ही बातमी आमच्याकडे आली असता, एका कचेरीकडे आमचे बिल अडकले होते म्हणून तीतील आकड्यांची ओळ आम्ही स्वहस्ते खोडली. कोणी सांगितले नव्हते. आम्हीच ओळखून घेतले. बिल पुढे मिळाले. ज्या गावच्या बायाबापड्या रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या, त्यांस मात्र त्या आठवड्यात वाली उरला नाही.

कोणी म्हणतील, सरकारचा हात काढून घ्या म्हणजे खुला बाजार सर्व नीट करील. आम्हांस तसे वाटत नाही. १९७२ साली कागदवाटपाच्या धोरणावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा पानांची मर्यादा बहुमताने रद्द केली, ती योग्यच केली. परंतु न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी वेगळे मत देताना, बोलणाऱ्याच्या हक्काबरोबर निरनिराळी मते ऐकण्याच्या समाजाच्या गरजेकडेही पाहिले पाहिजे, ही बाजू मांडली होती. तिचा विसर पडता कामा नये. भेसळीच्या छाप्याची बातमी छापली म्हणून वर्षाची जाहिरात काढून घेणारा व्यापारी आणि बिल अडविणारा अधिकारी, ह्या दोघांच्या कात्रीला धार सारखीच असते.

उपाय अवघड नाहीत. कोणत्या पत्रास किती रुपयांची सरकारी जाहिरात दिली व कोणत्या नियमाने दिली, ह्याचा तक्ता दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लागला पाहिजे. बिल ठरलेल्या मुदतीत न दिल्यास त्यावर व्याज द्यावे. व्यापारी संघांनी ठराव करावा की, बातमी खोटी असल्यास खुलासा छापवून घेऊ, प्रसंगी न्यायालयात जाऊ, पण जाहिरातीचे शस्त्र उगारणार नाही. आणि पत्रांनी आपली मिळकत वर्षातून एकदा छापावी : सरकारकडून किती, पुढाऱ्यांकडून किती, व्यापाऱ्यांकडून किती आणि वाचकांकडून किती. ह्या शेवटच्या कामाचा आरंभ आम्ही आमच्यापासून करणार आहो. येत्या पाडव्याच्या अंकात वाचकांनी तो हिशेब पाहावा, आणि आमचा झाकलेला भाग उघडा पडला तर त्याबद्दल आमचा कान धरावा.

शेवटी वाचकांस एकच विनंती. चहाच्या एका पेल्यास जितके पैसे पडतात तितकेही वर्तमानपत्रास देणे ज्यांच्या जिवावर येते, त्यांनी ते पत्र आपली बाजू घेईल अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? जो पैसे मोजतो तो धनी होतो. आपल्या पत्राचे धनी आपण व्हावयाचे की दुसऱ्या कोणास होऊ द्यावयाचे, ह्याचा निर्णय कोणत्याही न्यायालयात लागणार नाही. तो दर महिन्यास वर्गणीच्या पावतीवर लागतो.