कोर्ट मॅरेज करायचंय? आधी ३० दिवसांचं गणित, मग पाच मिनिटांचे फोटो

मंठा : ‘मंडप नको, कर्ज नको, सरळ कोर्ट मॅरेज करून टाकू,’ असं आता गावोगाव ऐकू येतं. खर्च वाचतो हे खरं. पण हे लग्न कोर्टात लागत नाही आणि एका दिवसात तर मुळीच होत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे ते विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं आणि त्याआधी ३० दिवसांची नोटीस असते. पाहुण्यांना तारीख सांगून मग ऑफिसात गेलात, तर तारीख हुकलीच म्हणून समजा.

नोंदणी वेगळी, नोंदणी पद्धतीचं लग्न वेगळं

गावात विधी करून लग्न लागलं असेल, तर त्याची फक्त नोंदणी करायची असते. ती ग्रामपंचायतीत होते. मंठा शहरात राहणाऱ्यांची नगरपंचायतीत. त्यासाठी ‘नमुना ड’ भरावा लागतो, तीन साक्षीदार लागतात आणि लग्नापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर जादा फी बसते.

लग्नच सरकारी अधिकाऱ्यासमोर लावायचं असेल, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे जालन्याला जावं लागतं. मुलगा किंवा मुलगी, दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे. मुलगा पुण्याला कंपनीत असेल आणि तिथल्या राहण्याचा पुरावा असेल, तर नोटीस पुण्यातही देता येते. फक्त पुण्यासारख्या शहरात गर्दी जास्त, त्यामुळे हवी ती तारीख मिळेलच असं नाही.

आणि एक लक्षात ठेवा : शंभराच्या बाँडवर नोटरी करून घेतलेला कागद म्हणजे लग्न नव्हे. ‘आज सह्या, आज लग्न’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

तारखेचं गणित

नोटीस दिली की ती ऑफिसच्या फलकावर लागते. ३० दिवसांत कुणाचा कायदेशीर आक्षेप आला नाही, तर लग्न लावता येतं. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही, तर ती नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

उदाहरणार्थ, २ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली, तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत लग्न उरकायचं. या मुदतीतली तारीख ऑफिसला विचारून पक्की करा. शनिवार-रविवार सुट्टी असते. लग्नसराईत आणि १४ फेब्रुवारीसारख्या तारखांना रांग मोठी असते. मधल्या वारी, सकाळी लवकरची वेळ मिळाली तर उत्तम.

नोटीस नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही देता येते. भरलेल्या फीची पावती जपून ठेवा.

कागदपत्रं आणि साक्षीदार

मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा शाळेची टीसी, राहण्याचा पुरावा, आधार आणि पासपोर्ट साइज फोटो लागतात. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. आधारवर एक नाव आणि टीसीवर दुसरं, असं असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. बरीच कामं इथेच अडतात.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, तेही ओळखपत्रासह. मंठ्याहून वाटूर फाट्यामार्गे जालना साठेक किलोमीटर आहे. मामांची गाडी रस्त्यात पंक्चर झाली तर? म्हणून चौथा माणूस आधार घेऊन सोबत असू द्या.

फोटो : मिळतात मोजकी मिनिटं

इथे ना मंगलाष्टका, ना अंतरपाट. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघं एकमेकांना म्हणतात, ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो,’ ‘मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.’ एवढ्या दोन वाक्यांनी लग्न लागतं. हार घालायचे तर घाला, पण लग्न त्या वाक्यांनी आणि सह्यांनी पक्कं होतं. हा क्षण गेला की परत येत नाही आणि मागे दुसरं जोडपं उभं असतं. म्हणून :

• फोटो काढायची परवानगी आत जातानाच साहेबांना विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, बाहेर काढा.
• फोटोचं काम एकाच माणसाला द्या. पाच मोबाइल पुढे आले की कुणालाच नीट मिळत नाही. साक्षीदाराला हे काम देऊ नका, त्याला सही करायची असते.
• खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावी. जोडप्याच्या मागे खिडकी आली तर चेहरे काळे पडतात.
• ती दोन वाक्यं म्हणताना मोबाइल आडवा धरून व्हिडिओ घ्या, त्यातून नंतर फोटो काढता येतो. सही करतानाचा फोटो वेगळा घ्या. झूम करण्यापेक्षा एक पाऊल पुढे जा.
• लेन्स रुमालाने पुसा. आदल्या रात्री मोबाइल चार्ज करा, जागा रिकामी करा.
• टेबलावरचे दुसऱ्यांचे कागद, आधार नंबर फोटोत येऊ देऊ नका.

सगळ्या घरच्यांचा ग्रुप फोटो आत नको, बाहेर सावलीत घ्या. निवांत फोटो हवे असतील तर जालन्यात मोतीबाग आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी लोणारला जाऊन या. फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे क्वालिटी कमी होत नाही.

योजनांची चौकशी करा

शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना आहे, तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. आंतरजातीय विवाहासाठी वेगळी प्रोत्साहन योजना आहे, तिची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते. अटी आणि रक्कम बदलत असतात, म्हणून लग्नाआधीच विचारून घ्या.

प्रमाणपत्र वाचा, मगच उठा

सही करण्याआधी नावं, जन्मतारखा, पत्ता एकेक अक्षर वाचून घ्या. बँक, पासपोर्ट, वारसा, सगळीकडे हाच कागद लागतो. चूक तिथेच सांगितली तर काम सोपं, नंतर जालन्याच्या चकरा वाढतात. आणि आनंदाच्या भरात प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला ठेवू नका. हारातला ठेवा, तो सगळ्यांना बघायला आवडेल.