जाम नदीच्या काठचे मराठी गाव : पांढुर्णा

गोमंतकीय वाचकाला सीमेवरची भाषा काय असते हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याशी, अशीच एक मराठी वस्ती राज्याच्या नकाशाबाहेर नांदत आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर ही तिची दोन मुख्य गावे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेला हा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला.

येथील मराठी बाहेरून आलेली नाही. सीमाच नंतर आली. हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांकडे होता. याच घराण्यातील बख्त बुलंद शहाने नागपूर शहर वसवले. अठराव्या शतकाच्या मध्यास सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापला. या सर्व स्थित्यंतरांत पांढुर्ण्याचे तोंड नागपूरकडेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मात्र जिल्हा म्हणून मध्य प्रदेशातच राहिला. घाटाखालची मराठी गावेही त्याच्यासोबत राहिली. राजधानी भोपाळला गेली, पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी लोकांची पावले आजही नागपूरकडे वळतात. कचेरीत हिंदी आणि घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, अशी येथील विभागणी आहे.

गावाची ओळख जाम नदीशी जोडलेली आहे. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. हीच प्रसिद्ध गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असता दोन्हीकडच्या लोकांनी दगड मारले आणि दोघांचाही पात्रातच अंत झाला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो आणि दोन्ही गावे पुन्हा एक होतात.

या परंपरेची किंमत मात्र मोठी आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदीचे आदेश काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. परंतु लोकांनी पुन्हा दगडच उचलले. केवळ बंदीने प्रथा थांबत नाही, कारण ती येथे शत्रुत्वाची नव्हे, देवीच्या सेवेची मानली जाते. बदल व्हायचा तर तो याच श्रद्धेच्या आतून व्हावा लागेल.

वर्षाचे उरलेले दिवस या खोऱ्याचे जीवन संत्र्याभोवती फिरते. पलीकडच्या काटोल, नरखेड, वरुडप्रमाणेच येथेही आंबिया आणि मृग असे दोन बहार घेतले जातात. झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग पाणी सोडून फुलोरा आणायचा, हे त्यातील कौशल्य. अवकाळी पाऊस वा गारपीट झाली की वर्षाची मेहनत मातीत जाते. काळ्या जमिनीत कापूसही पिकतो. सौंसरजवळच्या जामसावळी येथे निद्रिस्त मारुतीची मूर्ती आहे. तिच्या दर्शनाला विदर्भातूनही भाविक येतात.

दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील पांढुर्णा अनेक प्रवाशांना केवळ खिडकीतून दिसते. नव्या जिल्ह्यामुळे कचेऱ्या दाराशी आल्या. आता या कचेऱ्यांत आणि शाळांत घरच्या भाषेला किती जागा मिळते, यावर जामकाठच्या मराठीचे पुढचे दिवस अवलंबून आहेत.