गाठ नसलेली गाठ

बागेचा बगिचा कसा झाला? फारसीतला लहानपण दाखवणारा प्रत्यय चिकटून. तोच प्रत्यय गालिच्यासाठीच्या फारसी 'काली' शब्दाला लागला आणि आपल्याकडे 'गालिचा' आला. म्हणजे गालिचा मुळात छोटाच. पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या, इराणमधल्या अर्दबीलच्या गालिच्याला 'छोटा' म्हणायला जीभ रेटत नाही. लांबी साधारण साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरहून जास्त आणि गाठी सुमारे 2 कोटी 60 लाख!

या गाठीची गंमत अशी की ती गाठच नसते. मागावर उभे ताणलेले दोन धागे घ्या. लोकरीचा तुकडा एकाभोवती पूर्ण गुंडाळा, दुसऱ्याच्या नुसता मागून न्या आणि दोन्ही टोकं पुढे काढा. झाली इराणी गाठ. ओढली तर सुटून हातात येईल. ओळ पुरी झाली की आडवे धागे घालून ती लोखंडी फणीने ठोकून बसवायची. शेजारणींच्या दाटीतच प्रत्येक गाठ टिकते. इथे दाटी किती? चौरस सेंटीमीटरला पन्नासच्या आसपास. एकट्या माणसाने मिनिटाला 10 गाठी मारल्या, तेही न जेवता, न झोपता, तर हा गालिचा पुरा व्हायला जवळपास 5 वर्षं लागतील.

ताणा-बाणा रेशमाचा, वरची लव लोकरीची. रंग दहाच, तेही नीळ, डाळिंबाची साल अशा गोष्टींतून काढलेले. घाण्यागणिक छटा किंचित बदलते, म्हणून गर्द निळ्या जमिनीवर कुठे कुठे फिकट लाटा उमटतात. यंत्राच्या एकसारख्या रंगापेक्षा मला त्या लाटाच जास्त आवडतात.

कडेला विणलेल्या चौकटीत नाव आहे मकसूद काशानीचं आणि हिजरी साल 946, म्हणजे इसवी सन 1539-40. अर्दबीलच्या शेख सफीउद्दीनच्या दर्ग्यात या गालिच्याला एक जुळा भाऊ होता. एकोणिसाव्या शतकात दोघंही विकले गेले. याची दुरुस्ती करताना ठिगळं घेतली ती त्या भावाच्या अंगावरून. काठ गमावलेला तो बिचारा आता लॉस एंजेलिसला आहे. 1893 साली संग्रहालयाने हा घेतला, तो विल्यम मॉरिससारख्या नक्षीकाराच्या आग्रहावरून.

मधल्या सूर्यासारख्या नक्षीच्या दोन बाजूंना दोन दिवे लटकतात, एक मोठा, एक लहान. विणकर चुकला? काही जण म्हणतात, ही मुद्दाम ठेवलेली उणीव. काही म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूला बसून पाहा, दूरचा मोठा दिवा आपोआप आक्रसतो आणि दोन्ही सारखे दिसतात. मला दुसरं पटतं. पण पडताळायला घाई करावी लागते. रंग उडू नयेत म्हणून संग्रहालय गालिच्यावर दर अर्ध्या तासाला फक्त 10 मिनिटं उजेड सोडतं.